परटिणीचं कुंकू

१२ ऑक्टोबर २०१७
आधी परटीण आली. रतन म्हणते नाही, आधी तिची वरोरची बहीण आली, तिचा चहा होऊन कप धुतला गेला, मग परटीण दिसली. मी म्हटलं, तुझी बहीण आठच्या एसटीने उतरली. मी सातला खळं झाडत होते तेव्हा ही बया बोंबील सुकवायच्या बांबूंखाली माशा टिपत होती. शेपटी खालीवर, खालीवर, जशी दगडावर कपडे आपटते. म्हणून तर परटीण. रतन म्हणाली, "वैनी, तुझं घड्याळ पुढे असतं." असतं पुढे. पण तासभर नाही.
पाऊस सरला की येतात, होळीनंतर महिनाभरात दिसेनाशा होतात. आल्या म्हणजे बरं वाटतं. उगाचच.

१३ ऑक्टो.
ही वही नंदूची, माझ्या नातीची. मागच्या वर्षीची भूगोलाची, अर्धी कोरी. म्हणाली, आजी, तू दिवसभर मला जे सांगतेस ते यात लिही, माझा नववीचा अभ्यास होऊ दे. मी चौथी पास. जोडाक्षरं येतात. काही अडलं तर नंदूला विचारते, म्हणजे तिचा अभ्यास तसाही होत नाही.
रतन भिंतीपलीकडची. मूळची उंबरगावची, म्हणजे गुजरातची, रागावली की गुजराती बोलते. तिचा नवरा आणि आमचे हे एकाच होडीवर जायचे, म्हणून मी तिची वैनी. तो जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. एक बोका आहे, त्याचं नाव शेठ, कारण काम काही करत नाही. आमचं दोघींचं खळं एकच, बांबू एकत्र, बोंबील एकत्र. आमच्या गावात, झाईत, लोक म्हणतात यांचं दात घासायचं पाणीपण एकत्र असेल.
पुढे नुसतं र. लिहीन. बोटं दुखतात.

१७ नोव्हें., शुक्रवार
आज काय झालं. ह्यांनी जाळं नीट करायला ओट्यावर पसरलं होतं, चहा प्यायला आत गेले आणि तेवढ्यात परटीण त्यात अडकली. पाय एका घरात, मान दुसऱ्या घरात. र. धावत आली, तिने दोन्ही तळव्यांत धरली, मी कात्री घेतली. जाळ्याची तीन घरं कापली. हे म्हणाले, "पाखरासाठी जाळं कापलं असं झाईत आजवर कोणी ऐकलं नाही." म्हटलं, ऐकतील आता.
वजन म्हणाल तर काही नाही. मूठभर सुका जवळा हातात घ्यावा तेवढं. पण आतलं काळीज कसलं धडधडत होतं, र.च्या हाताला कळत होतं.
आता शुक्रवारी लेक दारी आली तर तशीच कशी पाठवायची. हळदकुंकू लावूनच पाठवायची. कुंकू त्या पिसांवर राहीना. मग नंदूची लाल नेलपॉलिश आणली. परटिणीचं कपाळ पांढरं शुभ्र, बरोबर मधोमध टिकली लावली. र.ला म्हटलं, तू लाव, माझा हात थरथरतो. ती म्हणाली, "तूच लाव. मी धरते." वाळेपर्यंत फुंकर मारली. सोडल्यावर भुर्रकन गेली ती उलट्या होडीवर जाऊन बसली आणि अंग झाडत राहिली.
नंदू म्हणते पुस्तकात नाव पांढरा धोबी. लांबून, बर्फाच्या मुलखातून येते. एवढ्याशा पायांनी, म्हटलं. "पायांनी नाही आजी, पंखांनी." मला काय ते कळत नाही होय.

१८ नोव्हें.
आली. टिकली आहे. सगळ्यांना बोलावून दाखवली.

३ डिसें.
आज डहाणूच्या बाजारात बसले होते तर बोर्डीची एक चिकूवाली म्हणाली, मावशी, तुमच्याकडे म्हणे कुंकवाची परटीण आहे. बघा. गोष्ट माझ्याआधी एसटीने पोचली. मी सगळं सांगितलं, जाळ्यापासून. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. र. म्हणाली, "तू पाखरू सांग, मी बोंबील विकते."

१४ जाने. २०१८, संक्रांत
तीळगूळ केले, एक लाडू कडक झाला तो कुटून खळ्यात टाकला. परटीण हुंगूनसुद्धा बघेना. तिला माशाच पाहिजेत. ज्याची त्याची संक्रांत. शेठ सावलीत झोपलेला, परटीण त्याच्या शेपटीपासून चार हातांवर. दोघं एकमेकांकडे बघतपण नाहीत. र. म्हणाली, "माझा शेठ शाकाहारी झाला." तो नुकताच माझा एक बांगडा खाऊन आला होता.

६ फेब्रु.
परटिणीचं काहीतरी बिनसलंय. गळा पांढरा असतो तिचा, फक्त छातीवर काळी कोर. आता गळ्यावर काळे ठिपके आलेत. वहीवर शाई शिंतडावी तसे. पिसं पण विस्कटलेली, जशी अर्धी रंगवून ठेवलेली भिंत. दिवसभर होडीवर बसून चोचीने अंग विंचरते. उवा झाल्या असतील का. होडीला डांबर लावलं होतं ते लागलं का. ह्यांना विचारलं. म्हणाले, "म्हातारी झाली असेल." म्हाताऱ्याचं पांढरं होतं, काळं कसं होईल.

२० फेब्रु.
लिहवत नाही, पण लिहिते.
सकाळी खळ्यात गेले तर बांबूंखाली पिसं. सात मोजली. पांढरी, बारीक, नखाएवढी, आणि एकाच्या टोकाला लाल. तोच लाल. आणि तिथेच शेठ बसलेला, पंजा चाटत.
मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की म्हटलं, "तुझ्या घरातल्याने माझ्या लेकीचं कपाळ पुसलं." र. दारात उभी होती, हाताला पीठ. म्हणाली, "बघितलंस तू?" म्हटलं, बघायचं काय राहिलंय. ही पिसं बघ, हे लाल बघ.
तिने बोक्याला उचललं नि आत गेली.
संध्याकाळी होडीवर एक परटीण आली. काळ्या गळ्याची. टिकली नाही. ही दुसरी. माझीच्या जागेवर दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्या पण नाही, त्याच दिवशी येऊन बसली. पाखरं पण अशीच.

२२ फेब्रु.
र.ने शेठला टोपलीत घातलं, वरून फडकं बांधलं आणि पहिल्या एसटीने वरोरला बहिणीकडे सोडून आली. मला नंदूच्या आईकडून कळलं. दुपारी खळ्यात आली, आपले बांबू मोजून वेगळे केले आणि चार हात पलीकडे रोवले. खड्डे स्वतः खणले. मी म्हटलं, कशाला गो. तर म्हणाली, "बस, हवे थई गयुं." झालं आता, संपलं.
बरं वाटायला पाहिजे होतं. बोका गेला. तरी बरं वाटत नाही. का ते कळत नाही.

२७ फेब्रु.
आज पाहुणे. तलासरीला कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम आणि डहाणूचे एक पांढऱ्या दाढीचे काका. किनाऱ्यावर पाखरं बघत बघत चालत आमच्या खळ्यापर्यंत आले. काकांच्या खांद्यावर तिवई, तिच्यावर जाडं नळकांडं. आधी वाटलं जमीन मोजायला आलेत, म्हणून हे उठून उभे राहिले.
पाणी दिलं. मॅडम म्हणाल्या, आजी, तुमच्याकडे धोबी खूप आहेत. झालं, मी सगळं सांगितलं. टिकली, पिसं, बोका. सांगताना डोळ्यात पाणी आलं. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मॅडमनी कॅमेरा उघडून मागच्या काचेवर फोटो दाखवला. "हा आत्ताच काढला, आजी. त्या होडीवर."
फोटोत परटीण. गळा काळा. आणि कपाळावर, डोळ्याच्या वर, लाल. अर्ध्या तांदळाएवढं. एकाच पिसाला धरून राहिलेलं.
म्हटलं, ही माझी? म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला कुणी नेलपॉलिश लावली असेल का. मग रागावल्या पण जरा. असं काही लावू नका, पाखराला त्रास होतो म्हणाल्या. बरं म्हटलं.
मग सांगितलं ते लिहून ठेवते, जसं कळलं तसं. झाडं पानं टाकतात तशी पाखरं पिसं टाकतात. ही परत जायच्या आधी डोक्याची, गळ्याची, अंगाची जुनी पिसं एकेक करून टाकते आणि नवीन घालते. गळ्याची नवीन काळी असतात. तिकडे गेल्यावर जोडीदार मिळतो, त्यासाठीचा हा पोशाख. म्हटलं, लग्नाला काळा? काका हसले. पावसाळा सरताना इकडे निघायच्या आधी पुन्हा सगळी बदलते, मग गळा पांढरा.
म्हणजे पिसं कोणी ओढली नाहीत. तिनेच टाकली. टिकलीसकट.
आणि अजून एक. नळकांड्यातून बघून मॅडम म्हणाल्या, मान मागून काळीभोर आहे, आजी, हा बहुतेक नर आहे. मी नराला कुंकू लावलं. लेक लेक म्हणून.
हे ऐकायला र. पाहिजे होती. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं."
जाताना मॅडम म्हणाल्या, धोबी परत आले की आम्हीपण येऊ. नंदूच्या बापाचा नंबर घेतला.

२८ फेब्रु.
सकाळीच र.कडे गेले. धावतच म्हणायचं, गुडघा विसरले. सगळं सांगितलं, फोटो, पानं, काळा गळा. म्हटलं, शेठने काही केलं नाही गो, चल, घेऊन येऊ त्याला. मला वाटलं आता हसेल.
ती सूप घेऊन बसली होती. तांदूळ पाखडत म्हणाली, "आणि फोटो नसता तर?"
मी म्हटलं, पण आहे ना.
ती पाखडत राहिली. मी दोन खडे वेचून दिले. मग आले.
काय म्हणायचं होतं तिला. फोटो आहे. मी स्वतः बघितला.

६ मार्च
एकटीच वरोरला गेले. डहाणूला एसटी बदलली. शेठला आणून र.च्या ओटीत टाकायचा असं ठरवलेलं. पदरात चार सुके बोंबील. तिची बहीण म्हणाली, "तो बघ, तिकडे मासळी उतरवतात ना, तिथेच पडलेला असतो." खरंच होता. दुप्पट झालाय. मी शेठ शेठ केलं, बोंबील दाखवला. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याच्या पुढ्यात ताजी मांदेली होती, सुका कशाला खाईल.
पकडायला गेले तर बहीण म्हणाली, "राहू दे गो. रतनने सांगितलंय, वैनी आली तरी द्यायचा नाही." म्हणजे मी येणार हे तिला माहीत होतं. माझ्या आधी तिला माहीत होतं.
चार बोंबील परत आणले. एसटीत सगळे खिडकीकडे तोंड करून बसले होते.

१८ मार्च, पाडवा
र.कडे साखरेच्या गाठी घेऊन गेले. दरवर्षी ती माझ्याकडे येते, यंदा आली नाही म्हणून मी. गाठी घेतल्या तिने. मग म्हटलं, किती दिवस असं, एका बोक्यावरून. मी चुकले म्हटलं ना.
ती म्हणाली, "बोक्यावरून नाही." मग दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. "कुंकू पुसलं गेलं दिसल्यावर तुला माझंच दार दिसलं, वैनी. पाखरं मारायला कुत्री आहेत, कावळे आहेत, घार आहे. तू सरळ माझ्या दारात आलीस. नऊ वर्षांत लोकांनी केलं असतं तर मी समजले असते."
मी म्हटलं, मी बोक्याला बोलले, तुला नाही.
"बोक्याला कपाळ असतं का?"
घरी येऊन गुढीकडे बघत बसले. नंदू म्हणाली, आजी, बरं नाही का. म्हटलं, ऊन आहे.
मी तसं म्हटलं नव्हतं. तसं मनात नव्हतं. मग तेच शब्द कसे आले तोंडात. त्या शुक्रवारी ती म्हणाली होती तूच लाव, मी धरते, तेव्हा माझ्या लक्षात पण आलं नाही. शेजारी चाळीस वर्षं.

३ एप्रिल
परटिणी गेल्या. काल होत्या, आज एकही नाही. सांगून जात नाहीत. गळा काळा करून, नवे कपडे घालून.
म्हालक्षुमीच्या जत्रेला यंदा गेले नाही. र.बरोबर जायचे.

१९ मे
बोंबील यंदा तिचे तिने विकले, माझे मी. बाजारात ती मधे तीन बायका सोडून बसते. आज मला चक्कर आल्यासारखं झालं तर त्या तीन बायकांच्या हातून पाणी आलं. लोटा तिचा होता. मी ओळखला. मी प्यायले, तिघींच्या हातून परत पाठवला. आत एक कैरी टाकली. परत आली नाही.
आता याचा अर्थ काय धरायचा.

जुलै, तारीख विसरले
होड्या वर ओढलेल्या. पाऊस. नंदू दहावीत गेली, क्लास बोर्डीला. कोंबड्यांची पिसं पण गळतात हे आज नीट बघितलं. मान उघडी पडलीय बिचारीची. जन्मभर कोंबड्या पाळल्या आणि दरवर्षी म्हणायचे, हिला रोग झाला. सुनेला म्हटलं, रोग नाही, कपडे बदलते. सून म्हणाली, आई, तुम्ही दूध उतू घालवलं.

२६ ऑगस्ट, नारळी पुनव
सगळ्या बायका किनाऱ्यावर गेलो. र. पण होती, मागे, बायकांच्या शेवटी. ती दरवर्षीच मागे उभी राहते. मी दरवर्षी पुढे असते, ताट माझ्या हातात, म्हणून मला कधी दिसलीच नाही. आज ताट सुनेला दिलं आणि मागे जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. ती म्हणाली, "पुढे जा. तुझी जागा तिकडे." म्हटलं, इथून पण समुद्र दिसतो. ती सरकली. लांब की जागा करायला, गर्दीत समजलं नाही.

४ ऑक्टो. २०१८
आल्या. आज तीन. गळे पांढरे, कपाळं पांढरी, टिकली कोणालाच नाही. नंदू म्हणाली, त्यातला एखादा तुझा असेल. असेल. नसेल. सगळे सारखेच चालतात. मी होडीपाशी जाऊन उभी राहिले, म्हटलं ओळख देतो का कोणी. मी कापलेल्या जाळ्याचा आहे का रे कोणी. एक जवळ आला, माझ्या पायाजवळची माशी घेतली आणि गेला.
आनंद तर झालाच. वेड्यासारखा झाला. पण सांगायला भिंतीकडे वळले आणि थांबले.

७ ऑक्टो.
नंदूच्या बापाला मॅडमचा फोन आला. येतोय म्हणाल्या, दोघं.
दुपारी खळ्यात र. जवळा पसरत होती. मी आपल्या बाजूने गेले आणि तिच्या बाजूला बसले. हात नाही लावला तिच्या जवळ्याला. परटिणी दोघींच्या मधून फिरत होत्या. ती म्हणाली, "तुझी कुठली?"
म्हटलं, "माहीत नाही."
मग बोलायचं नव्हतं ते बोलले. म्हटलं, "रतन, फोटो नसता तर मी अजून तेच धरून बसले असते. तुझ्याच दारातून झालं म्हणाले असते. मरेपर्यंत. स्वतःच्या नजरेत चांगली राहून."
तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "ते मला माहीत होतं. तुला माहीत आहे का, ते बघत होते."
जवळ्यात एक बारीक खेकडा आला होता, तो उचलून लांब फेकला. परटिणी उडाल्या, परत बसल्या.
मग म्हटलं, पाहुणे येणार आहेत, ते पिसांचे. तूपण ये. ते नीट सांगतात, मला अर्धंच आठवतं. आणि तो नर होता गो, मी नराला कुंकू लावलं होतं.
ती म्हणाली, "मला कशाला पाखरांचं." तोंड पलीकडे होतं, हसली की नाही दिसलं नाही. खांदा हलला एवढं बघितलं. पण जवळा पसरताना पण खांदा हलतोच.
उठले. गुडघा धरला होता, सावकाश निघाले. मागून म्हणाली, "किती तारीख म्हणालीस?"
मी सांगितलीच नव्हती अजून.
चौदा, म्हटलं. रविवार. सकाळी नऊला येतो म्हणाले आहेत.